निरोपाचा नाश्ता, स्टेशनसमोरचं हॉटेल आणि न घेतलेले पैसे

सांबारवडी

काल मूर्तिजापूर सोडलं. 14 वर्षं तिथल्या तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होती. आंतरजिल्हा बदलीत वर्धा जिल्हा मिळाला, समुद्रपूर तालुका. सेवाज्येष्ठता शून्यावर आली, पण सासूबाई थकल्या आहेत, अर्ज मीच केला होता. शनिवारी कार्यमुक्त झाली, रविवारी सकाळची गाडी.

आम्ही पाच जणी. शनिवारची सकाळची शाळा सुटली की स्टेशनसमोरच्या जुन्या हॉटेलात बसायचो. मालकाच्या आजोबांनी सुरू केलेलं हॉटेल. वर कवेलू, सागाचे खांब, दारातच भट्टी. टेबलांवर संगमरवरी फरशी. आत एक पडद्याची खोली आहे, बायामाणसांसाठी. 14 वर्षं आम्ही त्या पडद्यामागेच बसलो. काल मालक स्वतः भट्टीजवळून उठून आले आणि म्हणाले, "आज बाहेर बसा बाई, आजोबाच्या टेबलावर." त्या टेबलाच्या एका कोपऱ्यात फरशी इतकी झिजली आहे की बशी ठेवली की डुलते. मी सगळा वेळ एक बोट बशीला लावून बसली.

पोहे आले, तर्री आली, वरून कांदा, शेव, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, लिंबाची फोड. मग आलूबोंडे. कोणी बोलेना. एकीला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, मग एकेक करत सगळ्यांनाच ठसका लागला. तर्री काही तेवढी तिखट नव्हती.

मैत्रिणींना माझी ओटी भरायची होती. खण आणला, नारळ आणला, तांदूळ घरी ओट्यावरच राहिले. मालकांनी ऐकलं. आतल्या पोत्यातून वाटीभर कच्चे पोहे आणले आणि टेबलावर ठेवले. पोह्यांनीच ओटी भरली माझी.

निघताना गल्ल्यावर गेली तर पैसे घेईनात. ते राहतात आमच्या शाळेच्याच गावात. म्हणाले, "बाई, माझे दोन्ही पोट्टे तुमच्या हाताखालून गेले. आज नाई घेत." मी दोनदा पुढे केले, दोनदा परत आले. शेवटी पर्समध्ये ठेवले. गाडीत बसल्यापासून तेच मनात घोळून राहिलं. बशीखाली तरी ठेवून यायला हवे होते का? आता काही पाठवलं तर बरं दिसेल का, आणि काय पाठवावं? तुमच्या निरोपाच्या नाश्त्यांचंही सांगा.

वऱ्हाडी_भाऊ

ताई, पैसे ठेवून आल्या नाहीत ते लय चांगलं केलं. बशीखाली नोट सापडली असती तर त्या माणसाचा दिवस खराब झाला असता.

शकुंतलेचा_प्रवासी

मूर्तिजापूर वाचलं आणि थांबलोच. माझं आजोळ अंजनगावचं. बडनेऱ्याकडून मोठ्या लाइनीनं यायचं, मूर्तिजापूरला उतरायचं आणि शकुंतलेची, म्हणजे नॅरोगेजच्या छोट्या गाडीची, वाट पाहत बसायचं. एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला. अचलपूरचा फाटा 76 किलोमीटरचा, आणि गाडीला चार तास लागायचे. बनोसा, कापूसतळणी, अंजनगाव, पथ्रोट. रूळ खासगी कंपनीच्या मालकीचे, गाडी रेल्वेची. वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला बनलेलं, ते 1994 पर्यंत धावलं. त्यानंतर डिझेल आलं, आणि आता गाडीच नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं की मधल्या वेळेत माणसं जाणार कुठं? स्टेशनसमोरच. मामा मला घ्यायला यायचे ते आधी हॉटेलातच शोधायचे. उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपल्या की आजी तिथपर्यंत सोडायला यायची. स्वतः काही खायची नाही, फक्त चहा, तोही बशीत ओतून. माझ्यापुढे भज्यांची प्लेट सरकवायची आणि मी खाताना पाहत बसायची. शेवटच्या खेपेला मी नववीत होतो. भजे कडक झाले म्हणून मी कुरकुर केली होती. पुढच्या उन्हाळ्यात आजी नव्हती.

ताई, तुम्ही सांगता ते हॉटेल हेच का, सांगता येत नाही, समोर दोन-तीन होती. पण डुलणारी बशी मला आठवते.

कडक_हिशेब

सगळे भावनेत वाहून गेले आहेत, म्हणून दुसरी बाजू सांगतो. माझं बालपण गल्ल्याशेजारी गेलं. आमचं हॉटेल खामगावला, कापूस बाजाराच्या रस्त्यावर. खामगावचा बाजार एवढा मोठा होता की 1870 मध्ये जलंबहून खास रेल्वेचा फाटा टाकला. हंगामात कापसाच्या बैलबंड्या रात्रीच येऊन लागायच्या आणि बाबा पहाटे तीनला भट्टी पेटवायचे. रोज 20 किलो पोहे लागायचे त्या दिवसांत.

बाबांचा स्वभाव तुमच्या मालकासारखाच. मास्तरांकडून नाही घेणार, भजनी मंडळाकडून नाही घेणार, ज्याच्या घरी मयत झाली त्याच्याकडून नाही घेणार. माणूस मोठा, पण महिन्याच्या शेवटी तेलवाल्याला तोंड दाखवायला आई जायची. हॉटेल बंद झालं तेव्हा गावातल्या प्रत्येकानं हळहळ केली. त्यातल्या निम्म्या लोकांनी आमच्याकडे फुकट खाल्लं होतं.

तेव्हा माझं स्पष्ट मत आहे: पैसे द्यायला हवे होते. मालकाला नाही, आत काम करणाऱ्यांना. झाऱ्यावर उभा असतो तो, कपबश्या विसळतो तो. मालक माया करतो, त्यांना मात्र रोजीच मिळते. त्यांच्या हातात दिलेले पैसे कोणताही मालक परत करत नाही.

पळसफूल

कडक_हिशेब, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. ही बाजू कोणी लिहीत नाही.

मला पडद्याच्या खोलीबद्दल सांगायचं आहे. आमच्या दारव्ह्याला पण अशी खोली होती. हिरवा पडदा, आत एकच ट्यूबलाइट, उन्हाळ्यात पंखा बाहेरच्यांसाठी. माझी आई दवाखान्यात आली की तिथं बसायची, डोक्यावरचा पदर सावरत. बाहेर कोण बसलं आहे ते पडद्याखालून दिसणाऱ्या चपलांवरून ओळखायची. "तुझे काका आले वाटते," म्हणायची, आणि खरंच तेच असायचे. आई आयुष्यात एकदाही बाहेरच्या टेबलावर बसली नाही. सांबारवडी, तुम्ही पाच जणी बाहेर बसल्या हे वाचून मी दोन मिनिटं फोन खाली ठेवला.

जुनं_जातं

सर्व छान. एक शंका, राग मानू नका. ओटी तांदळाची किंवा गव्हाची. पोहे म्हणजे भाजून-कांडून झालेलं धान्य, ते पेरलं तर उगवत नाही. म्हणून आमच्या आई पोह्यांनी ओटी भरू देत नसत.

कौंडिण्यपूरची_लेक

जातंकाका, रीत तुम्ही म्हणता तशीच आहे, माझ्या घरीही तांदूळच. पण मित्राकडे जाताना सुदामा काय घेऊन गेला होता? फडक्यात बांधलेले पोहेच ना. आणि ज्याच्याकडे गेला तो तर आपला जावई! रुक्मिणीचं माहेर आमचं कौंडिण्यपूर, वर्धा नदीच्या काठावर. कृष्ण मूठ मूठ पोहे खात सुटला तेव्हा हात धरला तो आमच्या लेकीनंच. मैत्रीत पोहे चालतात, आणि विदर्भात तर चालतातच.

वऱ्हाडी_भाऊ

कृष्णाला तर्री मिळाली असती तर रुक्मिणीचा हात धरून ठेवणं कठीण होतं बाप्पा.

सांबारवडी

जुनं_जातं काका, राग कशाचा. माझ्या सासूबाईंनीही हेच विचारलं. त्यांना जे सांगितलं ते इथंही सांगते.

आमच्या पाचांतल्या एकीचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून हळदीकुंकवाला ती स्वयंपाकघरात चहा करत बसते. कोणी सांगत नाही, ती स्वतःच उठून जाते. काल ओटीचं निघालं तेव्हाही ती पर्स घेऊन हात धुवायला उठली. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, पहिली ओटी तू भरायची. ती नाही म्हणाली. बाकीच्या तिघी गप्प. तेवढ्यात मालकांनी ती पोह्यांची वाटी आणून ठेवली, नेमकी तिच्या पुढ्यात. त्यांना काही माहीत नव्हतं. तिनं भरली. तिचा हात थरथरत होता, थोडे पोहे खाली सांडले. ते मी वेचून घेतले.

कडक_हिशेब, तुमचं पटलं. आत जो भट्टी सांभाळतो त्याला इतक्या वर्षांत मी कधी नावानं हाक मारली नाही, "भाऊ, जास्त तर्री" एवढंच. हे चुकलंच माझं.

जुनं_जातं

बाई, तुमची ओटी योग्य हातानं भरली. शंका मागे घेतो.

नागनदी

विषय हळवा आहे, पण एक नोंद करणं भाग आहे. तर्री पोहा नागपूरचा. वऱ्हाडात तो नंतर पोचला.

वऱ्हाडी_भाऊ

आला बाप्पा नागपूरकर! माझ्या लहानपणी अकोल्याला पोह्यावर कढी मिळायची, कचोरीवर कढी मिळायची. तर्री नंतर आली हे खरं. पण आल्यावर तिला सांभाळलं आम्ही. तुमच्याकडे आता तर्री म्हणून नुसतं लाल पाणी वाढतात.

नागनदी

लाल पाणी ज्यानं वाढलं त्याचा दोष. नीट करायची तर अशी: काळे चने रात्री भिजवा, सकाळी शिजवा, ते पाणी फेकू नका. कांदा आणि सुकं खोबरं भाजून वाटा, आलं-लसूण वेगळं. धने, जिरे, खसखस, तेजपान, थोडं दगडफूल. तेल सढळ हातानं घ्या आणि तिखट तेलात जाताना आच एकदम कमी करा, नाहीतर तवंग काळा पडतो. मिरची भिवापुरी घ्यावी, रंगही देते आणि तिखटपणाही. चन्याच्याच पाण्यानं रस्सा पातळ करायचा आणि मंद आचेवर ठेवून द्यायचा. पोह्यात हळद बेताची, पण चांगली. हळद हलकी असली तर तर्री पडल्यावर पोहे मातकट दिसतात.

पळसफूल

कचोरीवरून आठवलं. शेगाव स्टेशनवरची कचोरी सुरू करणारे तीरथराम शर्मा फाळणीनंतर पंजाबातून आलेले. आता गाडी शेगावला थांबली की वऱ्हाडचा माणूस खिडकीतून तीच मागतो. चव कोणत्या गावची, हा वाद म्हणून मी घालत नाही.

साकोलीचा_गणपा

माझा बालमित्र फौजेत होता. सुट्टी संपली की पहाटेची एसटी, आणि स्टँडवरच्या जुन्या हॉटेलात आम्ही चौघं. तो कचोरी मागवायचा, अर्धीच खायचा आणि उठायचा. "बाकीची आल्यावर." पहिल्यांदा आम्ही हसलो. नंतर नंतर ती अर्धी कचोरी प्लेटमध्ये पाहून पोटात गोळा यायचा. त्याच्या आईला आम्ही कधी सांगितलं नाही. 17 वर्षं हे चाललं. एका वर्षी सीमेवर वातावरण तापलेलं होतं, सुट्टी मध्येच रद्द झाली, तेव्हा तर त्यानं घासही घेतला नाही, नुसती प्लेट आमच्याकडे सरकवली.

निवृत्त होऊन आला त्या सकाळी आम्ही त्याला घरी न नेता आधी हॉटेलात नेलं. हॉटेलवाल्या काकांनी न विचारता प्लेट आणली, तिच्यात अर्धी कचोरी. तो इतका रडला की कपडा मारणारा पोरगा घाबरून आत पळाला.

पैशांचं म्हणाल तर त्या दिवशी काकांनी घेतले. मोजून घेतले. म्हणाले, "आता तू रोजचा गिऱ्हाईक."

ज्वारीचं_कणीस

साकोलीकर, काय लिहिलंत!

मला मात्र निरोपाची चांगली आठवण नाही. पुण्यातली नोकरी सोडून गावी परतलो तेव्हा ऑफिसच्या मित्रांनी मोठ्या हॉटेलात सकाळी बोलावलं. दोन वर्षं सोबत काम केलेली आठ माणसं. पाऊण तास झाला आणि वेटर येऊन सांगून गेला की पुढच्या लोकांचं बुकिंग आहे. बोलणं अर्धं सोडून उठलो, पार्किंगमध्ये उभ्या उभ्या हात मिळवले. एका मित्राला मला काहीतरी सांगायचं होतं. "फोन करतो" म्हणाला. तो फोन अजून आला नाही, मीही केला नाही. हे वाचून आता करतो आहे.

जुन्या हॉटेलात कोणी उठवत नाही. एक चहा घ्या आणि दोन तास बसा, मालक पेपर आणून देतो. कडक_हिशेब म्हणतील यानंच हॉटेलं बुडाली, आणि ते खरंही असेल. पण निरोपाला जागा लागते ती अशीच.

कडक_हिशेब

नाही म्हणणार तसं. बाबाही कोणाला उठवत नव्हते. पेपर मात्र दोन घ्यायचे, एक गिऱ्हाइकांचा आणि एक स्वतःचा, कारण पहिल्यातलं शब्दकोडं कोणीतरी सकाळीच भरून टाकायचं.

ताई, माझ्या पहिल्या उत्तराचा सूर कडक झाला. मालकाला काही पाठवायचं असेल तर भेटवस्तू नको, घड्याळ-बिड्याळ नको. बाबांना अशा पाच भिंतीवरच्या घड्याळांनी काही उपयोग झाला नाही. भट्टीला उपयोगी पडेल ते पाठवा.

गिरडचा_रस्ता

आत्ताच पूर्ण धागा वाचला. ताई, तुम्ही आमच्या समुद्रपूर तालुक्यात आल्या आणि विचारून राहिल्या काय पाठवू! वायगावची हळद पाठवा. आपल्या तालुक्यातलं हळद्या वायगाव, भौगोलिक मानांकन मिळालेली हळद. रंग असा गडद की चिमटीभर जास्त पडली तर भाजी हळदीचीच होते. आमच्या ओळखीचे शेतकरी आहेत, उकडून, वाळवून, घासून झालेली हळकुंडं घ्या आणि दळून पाठवा. नागनदींनी वर सांगितलंच आहे, पोहे हळदीवर असतात. आणि हळद पाठवली तर पैसे दिले असं कोणी म्हणत नाही.

नागनदी

यापेक्षा चांगलं उत्तर मिळणार नाही.

पळसफूल

सौभाग्याची, आजाराची, लग्नाची, सगळ्याची हळद. पाठवाच ताई. आणि नंतर काय झालं ते सांगायला विसरू नका, इथं सगळे अर्ध्यात सोडून जातात.

सांबारवडी

तीन आठवड्यांनी लिहून राहिली. नवीन शाळा, चौथीचा वर्ग, 23 मुलं. पहिले आठ दिवस सगळे मला "नव्या बाई" म्हणत होते, आता नुसतं "बाई".

गिरडचा_रस्ता यांनी सांगितलेल्या घरी गेली. आजीबाईंनी हळकुंड फोडून दाखवलं, आतून केशरी. दोन किलो घेतली, गिरणीत दळून आणली, गिरणीवाल्यानं आधी जातं स्वच्छ केलं. ओढणीला लागलेली पिवळी बोटं अजून निघाली नाहीत. सोबत तीन वेगळ्या पाकिटांत भट्टीवाल्या भाऊंसाठी आणि कपबश्या विसळणाऱ्या दोघांसाठी पैसे ठेवले. नावं मैत्रिणीला विचारायला लावली आणि पाकिटांवर लिहिली. ज्या मैत्रिणीनं पहिली ओटी भरली तिलाच हे सगळं घेऊन जायला सांगितलं.

ती शनिवारी गेली. तिघी सोबत होत्या. मालकांनी पुडा उघडला, वास घेतला, तराजूत टाकला आणि विचारलं, "किती झाले?" तिनं सांगितलं, बाई घेत नाहीत. ते थोडा वेळ पुड्याकडे पाहत बसले. मग भट्टीवर नेऊन दिला आणि ताजी फोडणी टाकायला सांगितलं, सकाळची पोह्यांची कोपर अर्धी भरलेली असताना. पाकिटं त्यांनी स्वतःच्या हातानं त्या तिघांना दिली, नाव वाचून.

चौघींनी पोहे खाल्ले आणि पैसे दिले. ते त्यांनी घेतले.

मैत्रिणीनं मला फोटो पाठवला, प्लेटचा. रंग खरंच वेगळा आला आहे. पण फोटोत मागे काहीतरी रिकामं वाटलं म्हणून मी फोन करून विचारलं. आतल्या खोलीचा पडदा नव्हता. मी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी धुवायला काढला म्हणे, अजून लावला नाही. त्या चौघी आता आजोबाच्या टेबलावर बसतात.

वऱ्हाडी_भाऊ

आणि ती डुलणारी बशी?

सांबारवडी

पाळीपाळीनं धरतात.

गिरडचा_रस्ता

ताई, रविवारी सकाळी आमच्याकडे या. हिनं चने भिजवायचं ठरवलं आहे. सासूबाईंनाही घेऊन या, त्यांच्यासाठी तर्री वेगळी काढू.